एक गुणाकार

गेल्या माघांत आमचा नातू विमानानें गोव्यास निघाला. पाण्यांत पोहणाऱ्यास ओढून नेणारें विजेचें यंत्र त्यानें हौसेनें घेतलें होतें. त्याची लिथियम बॅटरी विमानाच्या पोटांत जाणाऱ्या पेटींत, कपड्यांच्या घड्यांखालीं तो दडवीत असतां मीं पाहिलें. “आजोबा, कोणाला कळणार आहे?” तो हंसून म्हणाला.

बॅटरीवर 36 व्होल्ट व 8 अँपिअर-तास असें छापलें होतें. गुणाकार केला, 288 वॉट-तास! नियम असा कीं, सुटी बॅटरी जवळच्या पिशवींतच न्यावी. 100 वॉट-तासांपर्यंत सामान्यतः मोकळीक, पुढें 160 पर्यंत कंपनीची अनुमति, त्याहून मोठीस उतारूंच्या विमानांत बंदी. कारण उघड आहे. अशी बॅटरी बिघडली म्हणजे स्वतःच्याच उष्णतेनें पेटत जाते. बैठकींत धूर दिसतांच पाणी ओततां येतें. खालच्या कोठारांत कोणाचा हात पोंचणार?

“कोणाला कळणार नाहीं, हेंच तर भय!” मीं म्हणालों.

तो घटकाभर रुसला; मग बॅटरी काढून मुकाट्यानें माझ्या मेजावर ठेवून गेला. जन्मभर मीं संस्कृत शिकविलें. पण त्या दिवशीं आजोबांचा शब्द राखला तो एका गुणाकारानें.