पाण्याचं अनेकवचन

गुरुजी फळ्यावर लिहितात, ‘यंदा पाऊस पडला नाही.’ काळ ओळखा. मागच्या बाकावरून उत्तर येतं, ‘दुष्काळ!’ हा विनोद महाराष्ट्रभर फिरलेला. पण अंबड-परतूरकडच्या शाळेत तो निघाला की हसण्याआधी माना हलतात. २०१२-१३ साली जालना जिल्ह्यानं जे सोसलं, ते इथल्या घरांत अजून बोललं जातं. भूत, वर्तमान, भविष्य हे पुस्तकातले. चौथा काळ पोरं घरूनच शिकून येतात.

१८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापून आलं. काळ, कर्म, वचन, प्रयोग अशा संज्ञा पुढं शाळेत स्थिरावल्या; घरात मात्र हे शब्द आपल्या जुन्या अर्थानं नांदतच होते. काळ ओढवतो, कर्म आडवं येतं, वचन मोडतं. एकाच शब्दाचे हे दोन संसार वर्गात समोरासमोर आले की हशा पिकतो.

‘बाईंनी गणूला मारलं.’ कर्ता? ‘बाई.’ कर्म? ‘गणूचं!’

काय झालं इथं? ‘ला’ गेला, ‘चं’ आला. द्वितीयेची षष्ठी झाली आणि वाक्यातलं कर्म थेट कपाळावर जाऊन बसलं. एवढीशी विभक्ती, पण सगळी गंमत तिच्यात. ज्याला प्रत्ययाची जाण नाही, त्याला हे सुचणारच नाही. म्हणून असं उत्तर देणाऱ्या मुलाला बाकावर उभं करू नये, पूर्ण गुण द्यावेत, असं मी मनापासून म्हणतो. त्याला व्याकरण दोन्ही बाजूंनी कळलेलं असतं. आमच्याकडची पोरं तर पुस्तकातलं ‘जेवत आहे’ आणि घरातलं ‘जेवायलोय’ अशी दोन रूपं रोज सांभाळतात. शब्दाला वळवायची सवय त्यांच्या जिभेला आधीच असते.

सगळ्यात आवडलेलं उत्तर पाण्याचं. बाईंनी ‘पाणी’चं अनेकवचन विचारलं. नियम असा की पदार्थवाचक नामाचं सहसा अनेकवचन होत नाही. पाणी मोजायचं तर भांडं लागतं. पोरगी म्हणाली, ‘टँकर.’ नियम तिनं मोडला नाही, उलट पुरा केला. बाई हसल्या आणि विचारलं, ‘मग एकवचन?’

‘हंडा, बाई. तोही रांगेत उभं राहून.’