तिसऱ्या गिअरच्या पुढे

जुन्या जीपला पाचवा गिअर नसतो. चौथाही नसतो. विलीजच्या आराखड्यावर महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलेल्या सीजे-थ्रीबी जीपला पुढे जायचे गिअर तीनच. तिसरा पडला की इंजिनाचा एक फेरा म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचा एक फेरा. अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमध्ये पिनियनला 8 दात, क्राउनला 43. म्हणजे चाक एकदा फिरवायला इंजिनाने जवळजवळ साडेपाच वेळा फिरायचं. 16 इंची रिमवरचा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. हिशेब केला तर ताशी 80 किलोमीटरला इंजिन मिनिटाला 3,200 च्या आसपास फिरत असतं, आणि त्या इंजिनाची सगळी ताकद 4,000 पर्यंत येऊन संपते. ताशी 80 ने जाताना त्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

पडघ्याकडचे एक काका अशीच जीप घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. आधी दोनतीन गॅरेजवाल्यांनी त्यांना डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स टाकायचा सल्ला दिला होता. भिवंडीत हे काम रोजचं आहे; माझ्या हातूनही अशा कितीतरी जीपा गेल्यात. काका म्हणाले, “इंजिन बाबांच्या वेळचंच राहू द्या, मिस्त्री. ते ओरडतंय तेवढं थांबवा.”

मला ते मागणं आवडलं. जीप बिघडलेली नव्हतीच. रस्ता बदलला होता. आग्रा रोड दुपदरी होता तेव्हा नाशिककडे जाताना ट्रकच्या मागे चाळीस-पन्नासनेच जायचं असायचं, आणि तेवढ्यासाठी ही जीप पुरून उरायची. आता वडप्याच्या पुढे मागून 80 ने ट्रेलर येतो आणि 55 ने चाललेल्या गाडीला हॉर्न मारत राहतो. आमच्याच तालुक्यात आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन थांबला आहे. 701 किलोमीटरचा रस्ता. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला सुरू झाला. तिथे मोटारींना 120 ची मर्यादा. त्या रस्त्यावर ही जीप न्यायची नाही, हे मी काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं. इंजिन तेच ठेवून त्याची ओरड थांबवायला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे तिसऱ्याच्या पुढचा जादा गिअर, लावायचं ठरलं; पण तो लावल्याने ड्रम ब्रेक बदलत नाहीत आणि चौकोनी काचेवर आदळणारा वाराही कमी होत नाही. म्हणून आधी चारही चाकांचे ब्रेक उघडले. ब्रेक धड नसलेल्या गाडीला मी ओव्हरड्राइव्ह लावत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

माझे वडील कामतघरला लूमवर जॉबर होते. दातांचा हिशेब मी गॅरेजमध्ये शिकलो नाही, त्यांच्या शेजारी उभा राहून शिकलो. लूमच्या टेकअपला एक चेंज व्हील असतं. तेवढं एक चाक बदललं की तोच लूम, तीच मोटर, तोच वेग, पण कापड पुढे सरकण्याची चाल बदलते आणि इंचाला बसणाऱ्या पिका, म्हणजे आडवे धागे, बदलतात. वडील खिशात दोनतीन चाकं ठेवायचे, काळी, तेलकट. व्यापाऱ्याने दुसरं कापड मागितलं की पाच मिनिटांत चाक बदलायचे, दोन बोटांत कापड धरून भिंगाखाली पिका मोजायचे आणि मगच लूम सोडायचे. मोटरला हातही लावायचे नाहीत. ओव्हरड्राइव्ह पहिल्यांदा उघडून पाहिला तेव्हा मला ते चाकच आठवलं.

त्याच्या पोटात मधोमध एक गिअर असतो, सूर्य. त्याच्याभोवती एका पिंजऱ्यात बसवलेले लहान गिअर, ते ग्रह. सगळ्यांच्या बाहेरून आतल्या बाजूला दात असलेलं कडं. एरवी हे सगळं एकत्र फिरतं, जसं काही नाहीच. सूर्याला घट्ट धरून ठेवलं की इंजिनाने फिरवलेला पिंजरा ग्रहांना सूर्याभोवती लोळवत नेतो, आणि ग्रह जाता जाता कड्याला पुढे ढकलतात. कड्याच्या दातांच्या एक तृतीयांश दात सूर्याला असले तर इंजिनाच्या तीन फेऱ्यांत कड्याचे चार फेरे होतात. दहा-बारा इंची डब्यात मावणारी ही गोष्ट आहे, आणि मला ती अजूनही सुंदर वाटते.

अमेरिकेत हे दुखणं वेगळ्याच गाड्यांना होतं. 1964 ची पाँटियाक जीटीओ आणि तिच्या मागून आलेल्या मोठ्या व्ही-एट इंजिनांच्या गाड्या. सिग्नल सुटला की झेप घ्यावी म्हणून त्यातल्या कितीतरी गाड्यांत 3.90 किंवा 4.11 चं क्राउन-पिनियन आणि वरचा गिअर सरळ एकास एक. हायवेवर त्यांचीही तीच ओरड. तिकडचे हौशी लोक गिअरबॉक्सच्या शेपटाला गिअर व्हेंडर्सचं युनिट जोडतात. त्याचं मूळ शेफील्डच्या लेकॉक कंपनीच्या ओव्हरड्राइव्हमध्ये. ट्रायम्फ आणि व्होल्व्हो गाड्यांना तो असायचा. पण त्या कामात शेपूट लांबतं. मग प्रॉपेलर शाफ्ट कापायचा, पुन्हा वेल्ड करायचा, बॅलन्स करायचा, क्रॉसचे कोन जुळवायचे, कधी बॉडीचा बोगदाही ठोकून मोठा करायचा.

जीपला यातलं काही लागत नाही. तिचा ट्रान्सफर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, आडवा बसतो. गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट त्यात शिरतो, त्याच्या टोकावर एक गिअर असतो, आणि मागचा प्रॉपेलर तिथून न निघता उजवीकडे खालून निघतो. त्या टोकामागे पाच बोल्टांचं एक झाकण असतं. शेतीची यंत्रं जोडायला जीप बनवणाऱ्यांनी ती जागा मोकळी ठेवली होती. पुढे वॉर्न कंपनीने त्याच भोकातून आत बसणारा ओव्हरड्राइव्ह काढला: शाफ्टवरचा गिअर काढायचा आणि त्याच जागी 25 टक्क्यांचा हा डबा सरकवायचा. काही कापायचं नाही.

पण पहिल्या वेळी मी इथेच चुकलो होतो. ती दुसऱ्याची जीप होती. झाकण न उघडता, मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवून मी मालकाला युनिट मागवायला सांगितलं. अमेरिकेतून डबा आला, त्याने कस्टमची ड्युटी भरली, आणि गाडी खड्ड्यावर घेतल्यावर कळलं की या ट्रान्सफरचं भोक दोन मापांचं येतं आणि गिअरचे दातही दोन-तीन तऱ्हांचे येतात. आमच्या हातात भलत्याच मापाचा डबा होता. तो तीन महिने माझ्या फळीवर पडून राहिला. मालक काही बोलला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. वडिलांनी न मोजता एक चाकही कधी चढवलं नव्हतं.

म्हणून काकांची जीप आधी उघडली. तेल काढलं. झाकण उतरवलं, कॉटर पिन ओढली. मोठा नट सोडवताना शाफ्ट फिरू नये म्हणून हॅन्डब्रेक ओढून ठेवला. या जीपचा हॅन्डब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफरच्या मागच्या शाफ्टवरच असतो, त्यामुळे तो इथे कामाला येतो. गिअर बाहेर आला. चिंधीने पुसून खडूने एका दातावर खूण केली आणि दोनदा मोजले. 26. भोकाचं माप व्हर्नियरने तीन जागी घेतलं, कागदावर लिहिलं, आणि मग युनिट मागवलं.

ते येईपर्यंत मधल्या गिअरचा शाफ्ट काढला. सगळा भार त्याच्यावर येतो आणि तोच झिजलेला निघतो. नवा शाफ्ट, नवे रोलर, नवे थ्रस्ट वॉशर. हे न करता नुसता डबा चढवला तर महिनाभरात तो रडायला लागतो आणि दोष डब्याला जातो.

बसवायला एक सकाळ पुरली. त्यातला बराच वेळ पॅकिंगमध्ये गेला. पॅकिंग पातळ झालं की बोल्ट आवळताना शाफ्ट जड होतो, जाड झालं की दात दातावर पूर्ण चढत नाहीत. मी एकेक बोल्ट थोडा थोडा आवळतो आणि दर वेळी शाफ्ट हाताने फिरवून बघतो, डोळे मिटून. हे मला उस्तादांनी शिकवलं. कल्याण नाक्याजवळच्या त्यांच्या गॅरेजमध्ये रेडिओ चालू असायचा, पण असं काम निघालं की ते तो बंद करायला लावायचे. लिव्हर वर काढायला जमिनीच्या पत्र्याला भोक पाडावं लागतं. मूळ पत्रा काढून ठेवला, त्याच मापाचा नवा कापला आणि भोक त्याला पाडलं. 90 नंबरचं तेल भरलं, थोडी चालवून आणली, पुन्हा पातळी बघितली. ओव्हरड्राइव्ह आपल्या वाट्याचं तेल ओढून घेतो आणि ट्रान्सफर कोरडा पडायचा धोका असतो.

रविवारी पहाटे, ट्रक सुटायच्या आत, माणकोलीहून निघालो. मी चालवत होतो, काका शेजारी. 60 ला इंजिन 2,400 वर. क्लच दाबला, लिव्हर मागे घेतली, हळूहळू 80 केले. काटा पुन्हा 2,400 वरच. पडघ्याच्या अलीकडे काका म्हणाले, “इथे बाबा गाडी थांबवून रेडिएटरमध्ये पाणी घालायचे.” ते नेहमीच्या आवाजात बोलले होते. मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

खरी मजा मात्र पुढे कसाऱ्याला कळली, आणि ती मला आधी कोणी सांगितली नव्हती. घाटात या जीपची जुनी पंचाईत असते: तिसऱ्यावर दम लागतो, दुसऱ्यावर इंजिन किंचाळतं. मधे काही नाही. दुसरा गिअर 1.55 चा. त्याला ओव्हरड्राइव्ह लावला की तो 1.16 होतो, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये, जिथे इतकी वर्षं मोकळी जागा होती. पन्नासच्या वेगाला दुसऱ्यावर 3,000 च्या वर गेलेलं इंजिन तिथे 2,300 वर येतं आणि न कुरकुरता ओढत राहतं. मी हा डबा हायवेसाठी लावला होता. काकांना तो घाटासाठी जास्त लागणार.

परत आल्यावर जुना गिअर रॉकेलमध्ये धुतला, ग्रीस चोपडलं, मलमलीच्या तुकड्यात गुंडाळला. नट, वॉशर आणि झाकण त्याच्यासोबत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळं बसलं. जमिनीचा मूळ पत्रा तेवढा वेगळा बांधला. डब्याच्या झाकणावर रंगाने 26 लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला. काकांनी डबा हातात तोलून बघितला आणि मागच्या सीटखाली, टूलबॉक्सच्या शेजारी ठेवला.