मैत्रिणीची पत्रं

रमजानच्या आधी माझ्या मरहूम मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. ‘‘खाला, अम्मीची पत्रं तुमच्याकडे आहेत ना? आम्ही भावंडं अम्मीवर एक पुस्तिका काढतोय. द्याल?’’

पत्रं आहेत. बी.एड. झाल्यावर ती लग्न होऊन दूर गेली. मोबाईल हाती येईपर्यंत आम्ही एकमेकींना लिहीत होतो. अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत. पण त्यांत तिच्या जावेबद्दल रागाने लिहिलेलंही आहे, आणि जाऊबाई आज हयात आहेत. ‘‘बघते बेटा,’’ म्हणून मी फोन ठेवला.

तेव्हा इंग्रज लेखिका शार्लट ब्रॉन्टी आठवली. तिची जिवाभावाची मैत्रीण एलन नसी. दोघींची ओळख 1831 साली शाळेत झाली. 1854 साली शार्लटचं लग्न झालं. मैत्रिणीला ती फार मोकळेपणाने लिहिते, हे पाहून नवऱ्याने एलनला पत्रं जाळून टाकायला सांगितलं. एलनने अट घालून होकार दिला, पण पत्रं जाळली नाहीत. पुढच्याच वर्षी शार्लट वारली. तिच्या वडिलांनी कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांना चरित्र लिहायची विनंती केली. गॅस्केलबाईंनी एलनशी पत्रव्यवहार सुरू केला, आणि एलनने 300हून अधिक पत्रं त्यांच्या हवाली केली. देण्याआधी तिने काही नावं खोडली होती.

1857 साली चरित्र आलं आणि गाजलं. शार्लटचा आवाज त्यात ऐकू येतो तो या पत्रांमुळेच. पण शार्लटच्या भावाच्या ऱ्हासाचा दोष त्यात एका हयात बाईवर ठेवला होता. तिच्या वकिलांची नोटीस आली, जाहीर माफी मागावी लागली, पुस्तक मागे घेऊन दुरुस्त करावं लागलं. ती गोष्ट भावाने घरी सांगितलेली होती. एका बाजूचं ऐकून लिहिलं की असं होतं.

मनात आलं, माझ्या पेटीतही एकच बाजू आहे. मजलिसीतली गोष्ट अमानत असते, हे आपण मुलांना शिकवतो. मग मरहूमाने विश्वासाने लिहिलेलं काय?

शबेबरातच्या रात्री पेटी उघडली. दोन पत्रांत जावेची तक्रार होती. तिसऱ्यात लिहिलं होतं, मुलाला टायफॉइड झाला तेव्हा त्याच जावेने सात रात्री जागून काढल्या. वीस वर्षांत हे मी साफ विसरले होते. तक्रार मात्र लक्षात राहिली होती. मला माझीच शरम वाटली.

मी पत्रं दिली, ती दोन सोडून. मुलीला स्पष्ट सांगितलं, ‘‘बेटा, दोन ठेवून घेतलीत. ती अम्मीने फक्त मला लिहिली होती.’’ ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, ‘‘मोठ्या अम्मींबद्दल असतील ना? अम्मी शेवटच्या आजारात त्यांच्याच हातून जेवायची.’’

पुस्तिका इन्शाअल्लाह ईदनंतर निघेल. सात रात्रींचं पत्र सगळ्यांत आधी छापायचं, असं मुलांनी ठरवलंय. राहिलेली दोन मी फाडलेली नाहीत. पण माझ्यामागे ती कुणाच्या हाती लागू नयेत, एवढी सोय मलाच करायला हवी. तुमच्याही कपाटात अशी पत्रं असतील, तर हयातीतच एकदा उघडून बघा.