माझं मीटर कोण लिहिणार?

2006च्या ऑगस्टमध्ये उकई धरणाचं पाणी सोडलं आणि तापी सुरतेत शिरली. त्यानंतर बरीच वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझ्या सिनेमाच्या कॅसेटी त्या पुरात गेल्या. ऐकणारे हळहळायचे. शहरात ज्याचं त्याचं काही ना काही वाहून गेलं होतं, त्यामुळे पुरावा कोण मागणार! कॅसेटी सुरतेतल्याच उधन्यात आमच्या माळ्यावर कोरड्या ठणठणीत होत्या. सिनेमा त्याच्या वर्षभर आधीच बुडाला होता.

धंदा यंत्रमागाचा, शेड भाड्याची. वेड मात्र सिनेमाचं, आणि तेही वेडाच्या सिनेमांचं. एका मित्राने वेर्नर हेरझॉगच्या ‘फिट्झकाराल्डो’ची सीडी दिली आणि माझं डोकं फिरलं. पेरूच्या जंगलात ऑपेरा हाऊस बांधायचं म्हणून एक गृहस्थ आगबोट डोंगरावरून पलीकडे नेतो. हेरझॉगने 320 टनांची बोट खरोखरच डोंगरावरून ओढून नेली, खेळण्यातली वापरली नाही. तो प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन, देव जाणे. पाहताना नजर कायम पांढऱ्या सुटातल्या त्या माणसावर. दोर ओढणारे तिथले आदिवासी होते आणि चित्रीकरणात माणसं जायबंदी झाली, हे कळायला मला लेस ब्लँकचा ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’ हा माहितीपट पाहावा लागला. तोही उशिराच पाहिला.

माझी गोष्ट एका कारागिराची होती. त्याला कधीच न संपणारा कापडाचा ताका विणायचा असतो. नायक म्हणून आमच्याच शेडमधला, ओडिशातल्या गंजामचा एक पोरगा उभा केला. चेहरा असा की कॅमेरा हलू नये. मराठी त्याला शून्य. ते नंतर डबिंगमध्ये बघू म्हटलं. माग चालू असताना शेजारच्याचं बोलणंही कानावर पडत नाही, आणि मला आवाज तर खरा हवा होता. मग रात्रपाळीत सगळे माग बंद करायचे, शॉट घ्यायचा, पुन्हा चालू करायचे. एकेका वाक्यासाठी अख्खी शेड थांबायची. बंद मागांपाशी माणसं ताटकळत उभी, आणि मी त्यांना सांगतोय, कॅमेऱ्यात बघू नका.

मागावरची मजुरी मीटरवर असते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दर पगाराला मीच वहीत मीटर लिहायचो. तरी एका रात्री त्या पोराने शॉटच्या मध्येच विचारलं, “सेठ, इसका मीटर कौन लिखेगा?” सगळे हसले. मीही हसलो, आणि वाक्य इतकं आवडलं की ते संवादात घातलं. त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, तीन कोनांतून. मीटर काही लिहिले नाहीत.

घरी फाळक्यांचं नाव घेतलं की वाद संपतो, असा माझा अनुभव होता. विम्याची पॉलिसी गहाण टाकली म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ झाला, वगैरे. एकदा ही म्हणाली, “त्यांनी स्वतःची पॉलिसी ठेवली होती. तुम्ही कारागिरांची मजुरी ठेवताय.” मी चार दिवस बोललो नाही. तेवढ्या दिवसांत दोन चांगले कारागीर समोरच्या शेडमध्ये गेले. ग्रे कापड वेळेवर गेलं नाही, व्यापाऱ्याने पुढची ऑर्डर दिली नाही, आणि भाडं थकल्यावर शेडही सोडावी लागली.

पुढे ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट पाहिला. मालेगावही मागांचंच गाव, तोच खडखडाट. तिथल्या नासिर शेखच्या सिनेमात सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमाग कामगारच. तो पुढे कॅन्सरने गेला. कॅमेरा पाण्यात पडतो तिथे मी हसलो, पण मनातून हेवाच वाटत होता. त्यांचं वेड माझ्याहून कमी नव्हतं, पण ते सगळ्या टोळक्याचं होतं. आमच्या शेडमध्ये वेड एकट्याचं आणि भुर्दंड सगळ्यांना. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ 2021मध्ये घरीच पाहिला. त्यातला शरद नेरूळकर वर्षानुवर्षं गातो आणि गाणं काही हाती लागत नाही. मुलगा म्हणाला, फार उदास आहे. मला मात्र तो माणूस सज्जन वाटला. स्वतःच्याच आयुष्याचा खर्च करत होता.

तो गंजामचा पोरगा गावी गेला तो परतला नाही. त्याचा भाऊ सुरतेतच पांडेसऱ्यात माग चालवतो असं कळलं, तेव्हा जुनी वही काढली. त्या महिन्यांत कमी भरलेले मीटर काढले, तेव्हाच्या भावाने हिशेब केला आणि पैसे देऊन आलो. भावाने नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाला, “और इतने साल का ब्याज?”

व्याजावर मी घासाघीस केली.