वांझ वेल

आपल्या अज्ञानाची लाज वाटावयास माणसाला पुष्कळदा फार उशीर होतो. मला ती वाटली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, पदरी विज्ञानाची पदवी होती, आणि हातात कंदासकट खणून काढलेला एक वेल होता.

गोष्ट भिवापूरची. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेला हा गाव मिरचीसाठी प्रसिद्ध. मिरचीचे सातरे भरले म्हणजे बाया रांगेने बसून देठ खुडतात आणि येणारा-जाणारा शिंकत राहतो. २०१६ साली येथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गावाला साहजिकच अभिमान वाटला. पण मला सांगावयाचे आहे ते मिरचीविषयी नव्हे. ज्या भाजीला कधी कोणी मान दिला नाही, तिच्याविषयी आहे.

भिवापूरच्या आमच्या जुन्या घरी माझी आत्या एकटी राहत असे. सातऱ्याच्या कामासाठी रानाकडच्या टेकड्यांतून येणारी एक गोंड बाई हंगामापुरती आमच्या पडवीत उतरे. आम्ही तिला मावशी म्हणत असू. त्या दोघींची मैत्री कशी जुळली कोण जाणे. पण आत्याच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात ज्या भाज्या शिजत, त्या मावशीने शिकविलेल्या. पहिल्या पावसानंतरचा कोवळा तरोटा, कडूपणा उकडून पिळून काढलेली कुड्याची फुले, बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना आमच्याकडे वास्ते म्हणतात. मात्र पाहुणे आले की आत्या बटाट्याची भाजी करी. तरोटा पाहुण्यांच्या ताटात वाढणे म्हणजे घरात काही नाही असे कबूल करणे, ही समजूत आम्हां शिकलेल्यांच्या घरांत इतकी मुरली होती की, त्या लपवालपवीचे मला कधी नवल वाटले नाही.

परसाच्या कुंपणावर काटवलाचे तीन वेल होते. श्रावणात सुटीवर आलो असता मला दिसले की, दोन वेल फळांनी लगडले आहेत आणि तिसरा नुसताच फुलतो आहे. मी कुदळ घेतली आणि तो ऐतखाऊ मुळासकट काढला. आत्या बाहेर आली ती एकदम मटकन खाली बसली.

“काहून रे बापू, याला काहून खणलं?”

“त्याला फळ धरत नव्हतं, आत्या.”

“अरे, तो नवरा होता बाप्पा! नवऱ्याला कुठं फळ धरते का?”

मग तिने मला राहिलेल्या वेलाचे फूल दाखविले. पाकळ्यांच्या खाली इवलेसे काटेरी काटवल आधीच बसलेले असते. ते असले की वेल बाईचा. नसले की पुरुषाचा. फुले दिवस मावळताना उमलतात, आणि नराचा वेल जवळपास नसला तर मादीची फुले तशीच गळून पडतात. पुढे मी पुस्तकात पाहिले, तर या वनस्पतीचे शास्त्रीय नाव मोमॉर्डिका डायोइका. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘दोन घरांत राहणारी’. शास्त्रज्ञांनी नावात गोवून ठेवलेली गोष्ट आत्याला ठाऊक होती. ज्याला ते नाव वाचता येत होते, त्याला मात्र नव्हती.

तेव्हापासून मला वाटू लागले की, या बायांचे ज्ञान नुसते ओळखण्याचे नाही. वेळेचे आणि राखून ठेवण्याचे आहे. तरोटा कोवळा तेवढाच खावयाचा. जून झाला की त्याला हात लावावयाचा नाही. मोहाची फुले तोडावयाची नाहीत. रात्री गळलेली पहाटे वेचावयाची, म्हणजे झाडावर पुढे टोळी धरते आणि तिचे तेल मिळते. काटवल तोडावे, कंद जमिनीत ठेवावा. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. पण सह्याद्रीच्या कुशीत त्यांनी गावठी बियाणी जपून ठेवली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या मडक्यांत राखेबरोबर जे ठेवलेले असते, ते हेच: उद्यासाठी आज न खाल्लेले.

हल्ली रानभाज्यांचे महोत्सव भरतात, टोपलीपुढे नावाच्या पाट्या लागतात. ते चांगलेच आहे. परंतु पाटीवर नाव मावते. ‘हा वेल खणू नकोस’ हे मावत नाही.

पुढल्या वर्षी कुंपण फुलले, पण काटवल एकही धरले नाही. आत्या त्याविषयी एक शब्दही बोलली नाही. मीच ओशाळून एक वही घेतली आणि तिच्याजवळ बसून भाज्यांची नावे उतरवून घेतली. त्या हिवाळ्यात ती गेली. नंतर वही उघडली तेव्हा ‘वास्ते – उकळून पाणी टाकून द्यावे’ एवढेच लिहिलेले आढळले. ते पाणी किती वेळा टाकावयाचे, हे मी विचारलेच नव्हते.

ज्येष्ठात घर उघडावयास गेलो, तो मावशी दारात उभी. पदराच्या गाठीत मातीने माखलेला एक कंद होता.

“नवरा हाये,” ती म्हणाली.

कंदावरून नर-मादी कशी ओळखलीस, असे मी विचारले. माझ्या पदवीची कीव आल्यासारखी ती हसली.

“कंदावरून नाही समजत गा. बाईनं मले सांगून ठेवलं होतं. मागच्या साली फुलावर होता तवाच चिंधी बांधून ठेवली होती.”

म्हणजे मी वही घेऊन बसलो होतो, त्याच पावसाळ्यात आत्याने माझी चूक निस्तरावयाची व्यवस्था करून ठेवली होती, आणि मला कळूही दिले नव्हते.

मावशी कुंपणाशी माती उकरू लागली. माझी मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली आणि कंद किती खोल पुरावयाचा, असे विचारू लागली. मी सवयीने वही आणावयास उठलो. मग तसाच परत खाली बसलो आणि मुलीच्या हातात खुरपे दिले.