प्रतिकृती

संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या बागेत जाऊन बसण्याची सवय मला दादाने लावली. खाली दगडाचे आणि वर लाकडाचे असे सात मजले असलेले ते प्रवेशद्वार पाहत आम्ही कितीतरी वेळ न बोलता बसत असू. 1984 च्या दंगलीत मागचा वाडा जळाला. पुढे 2007 च्या सुमारास तो जुन्याच पद्धतीने पुन्हा उभारला गेला. दादा म्हणे, ‘‘वाडा तसाच आहे, पण तोच नाही.’’ हे वाक्य अलीकडे मला वेगळ्याच कारणाने आठवते.

हृदयविकाराचा झटका आला तेव्हा दादा 58 वर्षांचा होता. त्यातून तो सावरला. हृदयाच्या डाव्या कप्प्याची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता 42 टक्के भरली. ती 35 टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर हृदयाची लय अचानक बिघडताच विजेचा धक्का देऊन ती सावरणारे लहानसे यंत्र छातीत बसवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. दादा त्या रेषेच्या वर होता. म्हणून यंत्र बसवले नाही. तीन वर्षांनी एका पहाटे तो झोपेतच गेला. कुणाचे काही चुकले नव्हते, आणि नेमके हेच वहिनींना आजवर पचलेले नाही.

त्याची मुलगी तेव्हा अभियांत्रिकी शिकत होती. आज ती संगणकावर हृदये उभारते. गेल्या दिवाळीत याच बागेत तिने मला आपले काम समजावून सांगितले. हृदयाच्या प्रत्येक पेशीत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या भारित कणांची ये-जा चालते आणि तीतून विजेची लाट उठते. ही ये-जा समीकरणांत मांडून हृदयाच्या पेशीचे स्पंदन संगणकावर उमटवण्याचे श्रेय डेनिस नोबल यांचे. 1960 साली, लंडनमध्ये. विद्यापीठाचा संगणक त्या तरुण संशोधकाला मिळे तो रात्री दोन ते चार एवढाच वेळ!

‘‘काका, वाळल्या गवतातला वणवा पाहिला आहे ना तुम्ही?’’ तिने विचारले. ‘‘वणवा पुढे सरकतो, मागे राख उरते, आणि राखेला पुन्हा आग लागत नाही. पेशीही एकदा चेतली की क्षणभर पुन्हा चेतत नाही. म्हणून लाट पुढेच जाते आणि शेवटी विझते. पण झटक्यानंतर हृदयावर वण राहतो. त्याच्या कडेने लाट रेंगाळते आणि वळून मागे येते, तोवर तिथले गवत पुन्हा उगवलेले असते. मग ती भोवऱ्यासारखी फिरतच राहते. तिचे तुकडे झाले की हृदय आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरते.’’

समोर वाडा होता. वणव्याची उपमा तिला तिथेच सुचली असावी.

हे भोवरे कसे विझवावेत, याचाही शोध चालू आहे. 2001 मध्ये सीताभ्र सिन्हा, अश्विन पांडे आणि राहुल पंडित यांनी गणिती प्रतिरूपावर दाखवले, की जाळीसारख्या रेषांवर विजेची सौम्य स्पंदने दिली तर भोवरे शमू शकतात. रानात वणवा अडवायला पट्टे आखतात, तसेच काहीसे. 2016 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी, झटका येऊन गेलेल्या 41 रुग्णांच्या चुंबकीय प्रतिमांवरून प्रत्येकाचे स्वतंत्र हृदय संगणकात उभारले. त्या हृदयांना जागोजागी डिवचून लाट कुठे भोवरा धरते ते पाहिले, आणि रुग्णांचे पुढे प्रत्यक्षात काय झाले त्याच्याशी ताडून पाहिले. टक्केवारीच्या त्या रेषेपेक्षा हे भाकीत अधिक खरे ठरले.

एवढे सांगून ती थांबली. मग हळूच म्हणाली, ‘‘बाबांच्या तपासणीची सीडी आईच्या कपाटात आहे.’’

मी दचकलो. दादाचे हृदय पडद्यावर पुन्हा धडधडणार, आणि त्याची मुलगी त्याला डिवचून पाहणार! भोवरा उठला, तर त्याला वाचवता आले असते, हे आयुष्यभर उराशी बाळगायचे. नाही उठला, तर ते प्रतिरूप अपुरे म्हणायचे की नशीब? मी तिला हे बोलून दाखवले. ती शांतपणे म्हणाली, ‘‘एका हृदयाने काहीच सिद्ध होत नाही, काका. पण त्या रेषेच्या वर असूनही गेलेल्यांच्या प्रतिमा फार थोड्या हाती येतात. बाबा त्या अनेकांतले एक असतील, बिननावाचे. त्यांचे हृदय मी स्वतः उभारणार नाही. माझे सहकारी उभारतील.’’

वहिनींना विचारण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. कपाट उघडून सीडी काढली, पदराने पुसली आणि लेकीच्या हाती दिली. म्हणाल्या, ‘‘कुणाच्या उपयोगी पडणार असेल तर ने. मला मात्र काही दाखवू नकोस.’’

पुतणी परत गेली त्या संध्याकाळी मी एकटाच बागेत जाऊन बसलो. नव्याने उभारलेल्या त्या भागाकडे पाहताना दादाचे वाक्य आठवले. तो तोच नाही, हे खरेच. पण जुने खांब कुठे आणि कसे उभे होते, हे कुणीतरी बारकाईने पाहून ठेवले होते, म्हणून तर तो पुन्हा उभा राहिला. दिवे लागल्यावर मी उठलो. वाटेत वहिनींसाठी सराफ्यातून गरम जिलेबी घेतली. दादा घेत असे तेवढीच.