पाच तासांचं अंतर

मुंबई ते जेद्दाह साधारण ३,५०० किलोमीटर. विमानाचा प्रवास पाच-साडेपाच तासांचा. भाईजान नोकरीसाठी जेद्दाहला निघाले तेव्हा मी हेच सांगून अम्मीची समजूत काढली होती. "नगरहून मुंबईला जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो अम्मी. सकाळी निघाले तर संध्याकाळी घरी!"

गेल्या वर्षी पहाटे तीनला अब्बांचा इंतकाल झाला. फोन केला तेव्हा जेद्दाहमध्ये रात्रीचे साडेबारा वाजले होते. भाईजान म्हणाले, "येतो. थांबा माझ्यासाठी."

पण सौदीतून सुटीवर यायचं तर आधी बाहेर पडून परत येण्याचा व्हिसा लागतो. ऑफिस उघडणार सकाळी, मग कागद, मग तिकीट. विमान रात्री साडेनऊचं मिळालं, म्हणजे आपल्याकडचे बारा. आपल्या जिल्ह्यात काकडीला २०१७ पासून शिर्डी विमानतळ आहे, पण भाईजानना उतरायचं होतं मुंबईलाच. पुढे अडीचशे किलोमीटर रस्ता.

इकडे मुकुंदनगरच्या घरात मय्यत. दफनाला उशीर करू नये, ही आपली शिकवण. कुणी म्हणे बर्फ आणा, थोरला मुलगा आहे. कुणी म्हणे मय्यतीला ताटकळत ठेवू नका. शेवटी सगळे अम्मीकडे पाहू लागले. ती हळूच म्हणाली, "त्यांना कधी कुणाला ताटकळत ठेवलेलं आवडलं नाही." असरनंतर जनाजा उठला. भाईजानना ते कळवणारा फोन मीच केला. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

आमचे दादा १९७४ साली मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. तोच जेद्दाह, पण पोहोचायला आठवड्याहून जास्त लागायचा. १९९५ नंतर ती जहाजं बंद झाली. अब्बा सांगायचे, निघण्याआधी दादा घरोघरी जाऊन 'कहा-सुना माफ करो' म्हणत फिरले होते. शेजाऱ्याची उधारी फेडली, रुसलेल्या भावाला गळ्याशी धरलं. अंतर लांबचं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. आम्हाला ते जवळचं वाटलं. भाईजान निघाले तेव्हा अब्बा दारात उभे होते, आणि आम्ही सगळे बॅगेचं वजन करत होतो.

दुसऱ्या दिवशी जोहरच्या सुमारास भाईजान थेट कब्रस्तानात आले. पाच तासांच्या अंतराला चौतीस तास लागले होते. माती अजून ओली होती. फातिहा पढून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "चेहरा नीट किबल्याकडे केला होता ना?"

"हो," मी म्हणालो.

किबला म्हणजे इथून पश्चिम. भाईजान आदल्या दिवशी होते, त्याच बाजूला.